घरातला खिळा

बांधकामावर तिला नावानं कुणी हाक मारत नसे. ती चुंबकबाई. जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं बशीएवढं लोहचुंबक दोरीला बांधून ती जमिनीवरून ओढत चालली, की लांबून वाटायचं, बाई एखादं हट्टी करडू ओढत नेते आहे. त्या करडाच्या अंगाला खिळे, तारांचे तुकडे, स्क्रू असं काय काय चिकटत जाई. मजल्याच्या टोकाला पोचली की ती खाली बसे, सगळं ओरबाडून डब्यात टाके आणि पुन्हा निघे.

"चुंबकबाई आल्या रे, चाव्या सांभाळा!" असं कुणीतरी ओरडल्याशिवाय दिवस सुरू होत नसे. गवंडी तर रोज गालावर हात धरी. "लांबून जा बाई, माझी एक दाढ लोखंडी आहे."

"दाढ राहू दे. जीभ लोखंडाची असती तर एकदाच ओढून नेली असती. सगळे सुटले असते," ती मान वर न करता म्हणे.

तिला नेमलेलं होतं झाडायला, पण नुसतं झाडून गप्प बसणारा हात नव्हता तो. तळमजल्याच्या मागच्या अंगाला तिनं हळूहळू स्वतःचं एक राज्यच मांडलं होतं. फुटक्या विटा एकीकडे, प्लास्टरची ढेकळं दुसरीकडे, टाइल्सचे तुकडे तिसरीकडे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकून, घड्या घालून, कपाटातल्या चादरींसारख्या एकावर एक. वाकडे खिळे ती जेवणाच्या सुट्टीत दगडावर ठोकून सरळ करी. विटांचे तुकडे भरावाला जात, टाइल्स गच्चीवर बसत, खिळे पुन्हा सुतारांच्या पिशवीत जात. नव्यानं आलेल्या बायकांनी सगळं एकाच घमेल्यात भरलं की ती कमरेवर हात ठेवून उभी राही. "घरी मीठ साखरेच्या डब्यात ओततेस का गं? मग इथेच काय झालं?"

खरं वैर होतं ते सुतारांशी. स्लॅब ओतण्याआधी सुतार खालून फळ्यांचा साचा ठोकतात आणि स्लॅब वाळला की त्याच फळ्या उचकटून खाली टाकतात. त्या पडतात खिळ्यांसकट. खिळा वर, टोक आभाळाकडे. "सापाला निदान फणा काढावा तरी लागतो," ती म्हणे, "हा मेला काढूनच बसलेला असतो." तिचा नियम एकच होता. आधी खिळा वाकवा, मग फळी टाका. सगळे सुतार हो म्हणत आणि विसरत. त्यांतला सगळ्यांत विसरभोळा म्हणजे तिचा नवरा.

"अहो, खिळा!" ती खालून ओरडे.

"घरी ऐकतो तेवढं पुरे की," तो वरून म्हणे. "इथे मी कामावर आहे."

"घरी कधी ऐकलंत ते सांगा!"

यावर सगळा मजला हसे, आणि तोही हसे, आणि पुढची फळी पुन्हा तशीच धाडकन खाली येई.

तो हाताचा चांगला होता. पण वय चढत चाललं होतं आणि रक्तात साखर होती. आधी पायांना मुंग्या येत, मग त्याही यायच्या बंद झाल्या. "बरं झालं, पायांची कटकट मिटली," असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. टेकूंवर चढताना जड बूट पकड घेत नाहीत म्हणून तो पातळ तळाचे कापडी जोडे घाली. बूट खुंटीला लटकलेले असत. ती ते रोज पुसून ठेवी, या आशेनं की चकचकीत दिसले तर घालेल. आज ना उद्या याचं चढणं थांबणार, हे तिला दिसत होतं. रोजंदारीचं काम म्हणजे हात चालतात तोवर पोट चालतं. त्यानंतर काय, हा विचार ती भाकरी भाजताना करी आणि भाकरी करपे.

म्हणूनच गोदामाची बातमी आली तेव्हा तिला रात्रभर झोप लागली नाही. मालकानं शहराबाहेर जागा घेतली होती. त्याच्या सगळ्या बांधकामांचं भंगार, रोडा, फळ्या तिथे यायचं, निवडायचं, रोडा दळून त्याचे फरसबंदीचे ठोकळे पाडायचे. तिथे निवडीवर देखरेख करायला एक माणूस हवं होतं. कायमचं. पगारी. राहायला खोली. आणि मालकानं तिचा कोपरा पाहून सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "ही बाई तिथे हवी."

अट एवढीच, की आधी स्वच्छ आणि सुरक्षित बांधकामाच्या बक्षिसाची ढाल आपल्याला मिळायला हवी. ढाल मिळाली तर पुढची कामं, पुढची कामं मिळाली तर गोदाम. तपासणीला माणसं येणार होती, आणि फाटकाशी टांगलेल्या फलकावर "अपघाताविना दिवस" याच्यापुढचा आकडा तोवर शून्यावर येऊन चालणार नव्हता. हा आकडा रोज सकाळी बदलायचं काम सुरक्षेच्या साहेबाचं. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून शिट्टीसाहेब. तो आकडा बदलताना देवापुढे दिवा लावल्यासारखा चेहरा करी.

त्या दिवसांत तिनं बांधकाम अक्षरशः धुऊन काढलं. संध्याकाळी घरी आली की पाय ओढत. म्हणून नवराही पाय ओढतो आहे, हे तिच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा तो म्हणाला, "टाच फुटलीय. म्हातारपणाला भेगा पडायच्याच." मग तो घरातही मोजे घालू लागला. "गार लागतं," म्हणाला. तिला वाटलं, साखरेचंच काहीतरी.

आणि मग सुट्टीच्या दिवशी तिला घरात वास आला.

जिन्याच्या वरच्या टोकाला त्यांची एकच खोली होती. पण त्या खोलीच्या फरशीवर सांडलेलं उचलून खावं. दोन पाण्यांनी पुसलेली, कोपरेसुद्धा बोटानं. तिची नणंद पलीकडच्या गल्लीत राहायची आणि आली की खिडकीच्या चौकटीवरून सहज म्हणून बोट फिरवायची. इतक्या वर्षांत त्या बोटाला काही लागलं नव्हतं आणि त्याचं नणंदेला फार दुःख होतं.

"उंदीर मेलाय कुठेतरी," ती म्हणाली.

"मेला असेल," नवरा पलंगावर बसून म्हणाला. "तुझ्या घरात भुकेनंच मेला असणार. सांडलेला कण मिळत नाही बिचाऱ्याला."

ती हसली. पदर खोचला आणि उंदीर शोधायला लागली. ट्रंक ओढली. डबे खाली काढले. कपाटामागे काठी घातली. मोरीच्या जाळीत हात घातला. गादीची एक बाजू उचलून पाहिली आणि त्याला म्हणाली, "जरा उठा." तो उठला नाही. "राहू दे गं, सापडेल," म्हणाला. त्याचा चेहरा घामानं भिजला होता. खिडकीशी गेली की वास कमी व्हायचा. पलंगाजवळ आली की वाढायचा. बांधकामावर चुंबक ओढताना खिळा कुठे आहे हे तिला दोरीतून कळायचं, हाताला एक हलका झटका बसायचा. तसा झटका तिला आता बसला. ती पलंगापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्याच्या पायाचा मोजा धरला.

"नको," तो म्हणाला.

मोजा निघेना. तो चिकटला होता. तिनं कोमट पाणी आणलं, भिजवून भिजवून सोडवला. तळव्याला एक बारीकसं छिद्र होतं, आणि त्या छिद्राभोवती सगळा पाय जांभळा-काळा होऊन फुगला होता. त्यावर त्यानं लाकडाला लावायचं पॉलिश चोपडलं होतं.

"हे काय लावलंत हो?" एवढंच तिच्या तोंडून आलं.

"लाकूड कुजू नये म्हणून लावतात ना," तो म्हणाला, आणि हसायला गेला, पण त्याला थंडी भरून आली आणि दात वाजायला लागले.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, पेन काढलं आणि नडगीवर जिथपर्यंत लाली आली होती तिथे एक निळी रेघ मारली. "कधी लागलं? कुठे?"

"घरी," नवरा म्हणाला. "पलंगाखाली खिळा पडला होता. अनवाणी होतो."

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच, पण त्या नजरेत ती आपली सगळी खोली पाहून आली. पलंगाखालचा केर, कोपऱ्यातली जळमटं, न झाडलेली फरशी. यांतलं काहीही तिच्या घरात नव्हतं.

"गुडघ्याच्या खालून काढावा लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजच. ही रेघ ओलांडून असंच वर चढत गेलं तर मग गुडघाही वाचणार नाही, आणि त्याच्याही वर गेलं तर..." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "यांची संमती लागेल. लवकर ठरवा."

त्या गेल्यावर तिनं विचारलं, "खरं कुठे?"

"चौथ्या मजल्याच्या जिन्यात. तुझा फळ्यांचा ढीग घसरला होता. म्हटलं, पाहुणे यायचेत, रचून ठेवू. तू खाली गोण्यांत होतीस."

"माझ्या ढिगात?"

"फळी माझी होती. खिळा मीच ठोकलेला, मीच तसा ठेवलेला. जास्त लागलं पण नाही गं. मुंगी चावल्यासारखं झालं. जोड्यात रक्त दिसलं तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत? त्याच वेळी सुई टोचली असती, औषध लागलं असतं..."

"आणि फलकावर शून्य आलं असतं. तुझ्या गोदामावर पण शून्य." तो डोळे मिटून बोलत होता. "तपासणी होईपर्यंत दाबून न्यावं म्हटलं. निभेल म्हटलं."

ती त्याच्या उशाशी बसली. रडायला वेळ नव्हता. "बरं, झालं ते झालं. आता सही करा."

"करतो. पण आधी तू म्हण, घरी लागलं."

"हे काय भलतंच?"

"पाय जाणार हे कळलंय मला. चढणं संपलं, सुतारकी संपली. फुकट नाही जाऊ द्यायचा मी तो. त्याची काहीतरी भरपाई हवी." त्यानं तिचं मनगट धरलं. तापानं हात चुलीसारखा झाला होता. "इथे म्हणायचं, साइटवर म्हणायचं. माझ्या बहिणीला तेच, पोरीलाही तेच. शपथ घे."

"आधी सही करा. मग घालते तुम्ही म्हणाल ती शपथ."

"तुला ओळखतो मी. सही झाली की तू सरळ शिट्टीसाहेबाच्या टेबलाशी जाशील."

हे खरं होतं. ती तेच करणार होती. तिनं समजावलं, पाया पडली, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणाली, काका, तुम्ही तरी सांगा यांना. नर्स कागद घेऊन येऊन गेली. पुन्हा आली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिनं चादर वर करून पाय पाहिला. लाली रेघेला टेकली होती. थोड्या वेळानं पुन्हा पाहिला, तर निळ्या रेघेच्या वर, नडगीवर, बोटाच्या पेराएवढी लाली सरकली होती. दूध उतू जाताना कसं दिसतं, तशी.

"घरी लागलं," ती म्हणाली.

"मोठ्यानं."

"घरी लागलं हो! घरी लागलं! आमच्या घरात खिळा होता, पलंगाखाली, मी झाडलं नव्हतं!"

सगळा वॉर्ड वळून पाहायला लागला. त्यानं हात पुढे केला आणि नर्सकडून पेन घेतलं.

पाय गुडघ्याखालून गेला. गुडघा वाचला. एवढ्यावर देवाचे आभार मानावेत असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि तिनं मानले.

नणंद आली ती रडतच आली. भावाच्या तोंडावरून हात फिरवला, पायाच्या जागी सपाट पडलेली चादर पाहिली आणि मग वहिनीला व्हरांड्यात ओढून नेलं. "मी कधी बोलले नाही, वहिनी, पण आज बोलते. जगाचे मजले झाडत फिरता. लोखंडाचा कण सोडत नाही म्हणे. आणि घरात खिळा? माझ्या भावाच्या पलंगाखाली? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"चुकलंच माझं, वन्सं," ती म्हणाली.

नणंद थबकली. उलट उत्तराची सवय होती तिला. इतकं सरळ कबूल झाल्यावर पुढचं भांडण कसं करायचं हे तिला सुचेना, आणि ती नुसतीच मोठ्यानं रडत राहिली.

मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं. मग, "आई, आपल्या घरात? खिळा?"

"हो गं."

"आपल्या घरात, आई?"

"पडला असेल कुठूनतरी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शिट्टीसाहेबही येऊन गेला. फळं आणली होती. खुर्चीच्या टोकावर बसला. शिट्टी खिशात होती, दोरी तेवढी बाहेर लोंबत होती. "घरीच लागलं ना, बाई?" त्यानं विचारलं. त्या विचारण्यात एक विनवणी होती. आणि गवंडी त्याच्यामागे उभा होता. तो जमिनीकडे पाहत होता. तिच्या नवऱ्याला साइटवर लंगडताना त्यानं पाहिलं होतं हे तिला त्या बघण्यावरूनच कळलं.

"घरीच," ती म्हणाली.

तपासणीच्या दिवशी नवऱ्यानंच तिला पाठवलं. "तू नसशील तर ढीग कोण दाखवणार? जा. बहीण बसेल माझ्यापाशी." ती गेली. फाटकातून आत जाताना फलकाकडे पाहिलं नाही, पण आकडा मोठा झाला होता हे तिरक्या नजरेला दिसलंच. कुणी चाव्या सांभाळा म्हणालं नाही. गवंड्यानं नुसती मान हलवली.

पाहुणे यायला अजून अवकाश होता. ती चौथ्या मजल्याच्या जिन्यात गेली. फळ्या भिंतीशी रचलेल्या होत्या, टोकाला टोक जुळवून, सुताराच्याच हातानं रचाव्यात तशा. वरच्या फळीला एक काळपट डाग होता, गंजासारखा. त्या डागाच्या मधोमध खिळा होता. वाकवलेला. हातोडीचे दोन-तीन घाव चुकून लाकडावर बसले होते, खाचा पडल्या होत्या. जोड्यात रक्त साचत असताना त्यानं खाली बसून आधी हे केलं होतं. आधी खिळा वाकवा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिचं ऐकलं होतं.

तिनं ती फळी उचलली आणि उलटी करून ढिगाच्या तळाशी घातली. मग पदरानं हात पुसले आणि खाली गेली.

तपासणीच्या बाई चांगल्या होत्या. सगळं मन लावून पाहत होत्या. टाइल्सचे तुकडे हातात घेऊन पाहिले, गोण्यांच्या घड्या पाहून हसल्या, लोहचुंबक स्वतः ओढून पाहिलं. मालक मागे हात बांधून उभा होता. शेवटी त्यांनी तिलाच विचारलं, "इथे कधी कुणाला काही लागलं नाही? खिळा, पत्रा, काहीच?"

वर कुठेतरी कुणीतरी घमेलं ठेवलं त्याचा आवाज आला. शिट्टीसाहेबाचा हात खिशाकडे गेला. तिच्या डोळ्यांपुढे निळी रेघ आली आणि मनगटाला तो तापलेला हात जाणवला.

"नाही," ती म्हणाली.

"वा," बाई म्हणाल्या. "बांधकाम असं ठेवता, म्हणजे तुमचं घर तर आरशासारखं असेल."

गवंडी एकदम वळून पाणी प्यायला निघून गेला.

ढाल मिळाली. गोदामही मिळालं. कागद हाती आला त्या दिवशी तिनं तो नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं तो दोनदा वाचला, घडी घातली आणि उशीखाली ठेवला. "बघ," म्हणाला. "म्हटलं होतं ना?" त्याला खरंच आनंद झाला होता. तो आनंद बघणं तिला त्या कापलेल्या पायाकडे बघण्यापेक्षा जड गेलं.

गोदामाच्या खोलीत जायला अजून वेळ होता, तोवर जुनीच खोली. तो दिवसभर पलंगावर. सरळ करायला खिळे आण म्हणे, बसल्या बसल्या ठोकतो. ती आणत नसे. लोकांना सांगून सांगून गोष्ट तिच्या तोंडात बसली होती. वाण्याला सांगितली, शेजारणीला सांगितली, नव्या गोदामातल्या बायकांनाही सांगितली. दर वेळी सांगताना पलंगाखालची ती जागा थोडी अधिक स्पष्ट दिसायची. पलंगाच्या डाव्या पायाशी, भिंतीच्या जरा अलीकडे.

एका दुपारी तो झोपलेला पाहून तिनं पिशवीतून लोहचुंबक काढलं. दोरी हाताला गुंडाळली. पलंगाखाली वाकून तिनं ते फरशीवर सोडलं आणि हळूहळू ओढू लागली. भिंतीपासून मोरीपर्यंत. मोरीपासून दारापर्यंत. मग पुन्हा पलंगाखाली, डाव्या पायाशी. घासल्याचा बारीक आवाज येत होता. उलटं करून पाहिलं. चुंबक कोरं होतं. तिनं पदरानं पुसलं आणि पुन्हा सोडलं.

"काय शोधतेस?" वरून आवाज आला. तो जागा होता. केव्हापासून, कोण जाणे.

"काही नाही."

"मग मिळालं?"

ती दोरी ओढत राहिली. त्यानं पलंगावरून हात खाली सोडला, तिचं डोकं हाताला लागेपर्यंत चाचपत राहिला.

"बस कर गं," तो म्हणाला. "तिथे कधीच काही नव्हतं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि चुंबक पुन्हा भिंतीपाशी नेऊन ठेवलं.